बोलून ठेवलेली

आत्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी रजा टाकून तीन आठवडे कोल्हापूरला जाऊन राहिले. सकाळी व्यायाम करून घ्यायला एक मुलगा यायचा. त्यानं पाय वाकवला की आत्या दात आवळून पांडुरंगाचं नाव घ्यायची. दुपारची जेवणं आटोपली की दोन ते चार हा वेळ रिकामा. तिला झोप यायची नाही आणि टीव्हीवरच्या मालिकांचा तिला कंटाळा आलेला. एका दुपारी मी टॅब तिच्या मांडीवरच्या उशीला टेकवला आणि म्हटलं, "आज माझं आवडतं बघू या."

माझं आवडतं म्हणजे 'रान्मा ½' ही जपानी कार्टून मालिका. वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात हॉस्टेलवर राहत असताना एका मैत्रिणीनं आणलेल्या सीड्यांवर मी ही मालिका पहिल्यांदा पाहिली. चित्र मध्येच अडकायचं, खालची इंग्रजी वाक्यं कुणीतरी हौसेनं घातलेली, आणि आम्ही चौघी एका कॉटवर दाटीवाटीनं बसलेल्या. ती जुनी मालिका १९८९ सालची. २०२४च्या ऑक्टोबरात माप्पा या स्टुडिओनं ती नव्यानं केली आणि नेटफ्लिक्सवर आली. चित्रं नवी, पण मुख्य पात्रांचे आवाज त्याच माणसांचे: काप्पेई यामागुची, मेगुमी हायाशिबारा, नोरिको हिदाका. पस्तीस वर्षांनी त्याच माणसांनी पुन्हा सोळा वर्षांच्या पोरांचा आवाज काढला. पहिलं वाक्य कानावर पडलं तेव्हा मला एकदम हॉस्टेलच्या त्या खोलीतला उदबत्तीचा वास आला.

गोष्ट सुरू होते पावसात. टोकियोच्या नेरिमा भागात तेंदो कुटुंबाचं जुनं घर, त्याला लागून दोजो, म्हणजे त्यांची तालीम. घरात वडील सोउन आणि तीन मुली: कासुमी १९ वर्षांची, नाबिकी १७, आकाने १६. आई नाही. चीनमधून एक पोस्टकार्ड येतं, रान्माला घेऊन येतोय एवढ्याच मजकुराचं. ते वाचून सोउनच्या डोळ्यांना धार लागते. मुलींना समोर बसवून तो सांगतो, माझा जुना मित्र साओतोमे याचा मुलगा येतोय, तुमच्यापैकी एकीनं त्याच्याशी लग्न करायचं, म्हणजे आपला दोजो पुढं चालेल. कसा आहे मुलगा, मुली विचारतात. सोउन सांगतो, मी त्याला कधी बघितलेलं नाही.

मी वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगत होते. इथं आत्यानं हात वर केला.

"ह्या धाकटीला इचारलं का कुणी?"

"नाही. म्हणूनच ती चिडलीय."

"चिडू दे," आत्या म्हणाली. "लाव पुढं."

जपानीत या नात्याला ईनाझुके म्हणतात. आईबापांनी आपसात ठरवून टाकलेली नवरी किंवा नवरा. मुलं लहान असताना, कधी जन्मायच्या आधीच. या शब्दात 'बोलणं' आहे आणि 'नाव देणं' आहे. मी आत्याला त्याचं मराठी सांगायला गेले आणि अडले. वाग्दत्त वधू हा शब्द पुस्तकातला, बोलताना तो कुणी वापरत नाही. साखरपुडा झालेली म्हणावं, तर इथं साखर कुठं वाटलीय? मी चाचपडतेय हे बघून आत्याच म्हणाली, "बोलून ठेवलेली म्हण की. आमच्यात तसंच म्हणत्यात." तीन शब्दकोश चाळून मिळाला नसता असा नेमका शब्द तिनं जागेवर बसल्या बसल्या दिला. तो तिच्या तोंडात इतका तयार का होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

रुमिको ताकाहाशींनी ही गोष्ट १९८७ ते १९९६ अशी नऊ वर्षं 'शोनेन संडे' या साप्ताहिकात चित्रांतून सांगितली. तिचे ३८ खंड झाले. त्यांच्या आधीच्या 'उरुसेई यात्सुरा'चा पायाही असाच एका शब्दावर आहे. मुलगा आपल्या मैत्रिणीच्या ओढीनं 'आता लग्न!' असं ओरडतो, समोरच्या परग्रहावरच्या मुलीला वाटतं ते आपल्यालाच म्हटलं, आणि तेव्हापासून ती त्याची नवरी होऊन बसते. एकदा तोंडातून गेलेला शब्द माणसाला किती लांबवर ओढत नेतो, याचं ताकाहाशींना खोल आकर्षण असावं असं मला नेहमी वाटतं.

जपानी वाचक १९८७ साली याला हसले, कारण तोवर त्यांच्याकडं ही आजीआजोबांच्या काळची गोष्ट झाली होती. १८९८च्या नागरी संहितेप्रमाणे लग्नाला घराच्या कर्त्याची संमती लागायची. युद्धानंतर, ३ मे १९४७ला नवी राज्यघटना लागू झाली आणि तिच्या २४व्या कलमानं सांगितलं की लग्न होईल ते केवळ दोघांच्या संमतीनं. एप्रिल १९५९मध्ये युवराज आकिहितो यांनी राजघराण्याबाहेरच्या मिचिको शोदांशी लग्न केलं. दोघांची ओळख कारुइझावाच्या टेनिस कोर्टावर झालेली, त्यामुळं सगळा देश त्या टेनिस कोर्टाच्या प्रेमात पडला होता. १९६०चं दशक संपेपर्यंत तिथं आपण जुळवलेली लग्नं मोठ्यांनी ठरवलेल्या लग्नांपेक्षा जास्त होऊ लागली. 'ओमिआई' म्हणजे आपला बघण्याचा कार्यक्रम, तो मागं पडत गेला. म्हणून सोउन तेंदो रडत रडत मित्राला दिलेल्या शब्दाची गोष्ट सांगतो तेव्हा तो त्यांना जुन्या काळातून चुकून इकडं आलेला माणूस वाटतो. आपल्याला तो शेजारच्या गल्लीतला वाटतो. मी हॉस्टेलवर मालिका बघत होते तेव्हा आमच्या चौघींपैकी दोघींची बोलणी घरी सुरू होती. आम्ही हसायचो, पण एक डोळा मोबाइलवर असायचा.

दोजो दिसला तशी आत्या जरा सरसावून बसली. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, कोल्हापुरातल्या एका तालमीतले पैलवान. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ सालचं. आजोबा त्या मैदानात उतरलेले, आणि त्याचा अभिमान त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत होता. तालमीतली लाल माती, तिच्यात जिरवलेलं ताक, तेल, हळद, लिंबू. कोपऱ्यात देवळीत मारुती. आत्या लहानपणी घरून थंडाईचा तांब्या घेऊन जायची आणि उंबऱ्याबाहेर ठेवून परत यायची. मुलीच्या जातीनं आत पाऊल टाकायचं नाही. आणि इथं आकाने दोजोच्या मधोमध उभी राहून एका फटक्यात विटांची चळत फोडते! आत्यानं तो तुकडा मला तीनदा लावायला लावला. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

मग पाहुणे येतात. एक पांडा, आणि त्यानं खांद्यावर उचलून आणलेली एक तांबड्या केसांची मुलगी. तीच रान्मा. चीनमधल्या जुसेनक्योच्या शापित झऱ्यांत बापलेक पडलेले. गार पाणी लागलं की बापाचा पांडा होतो आणि मुलाची मुलगी, ऊन पाण्यानं पुन्हा माणसं जशीच्या तशी. हे घरच्यांना अजून माहीत नाही. मुलगा म्हणून ज्याची वाट बघितली ती मुलगी निघाली म्हणून सोउन बेशुद्ध पडतो, थोरल्या दोघी बापावर वैतागतात.

यानंतरचा छोटा प्रसंग मला सगळ्या मालिकेत सर्वांत मोलाचा वाटतो. सगळे गोंधळात असताना आकाने त्या भिजलेल्या, अवघडलेल्या मुलीपाशी जाते आणि म्हणते, मी आकाने, आपण मैत्रिणी होऊ या का? तिला दोजोत नेते, दोघी एक डाव खेळतात. आकानेचा एकही फटका रान्माला लागत नाही. हरल्यावर आकाने हसते आणि म्हणते, बरं झालं तू मुलगी आहेस, मुलाकडून हरायला मला आवडलं नसतं. तिला असं का वाटतं ते पुढं कळतं. शाळेत कुनो नावाच्या मुलानं जाहीर करून टाकलंय, आकानेला जो लढाईत हरवेल त्यालाच तिच्याबरोबर फिरता येईल. त्यामुळं रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी मुलांची फौज तिच्यावर चालून येते आणि ती एकटी सगळ्यांना लोळवून वर्गात जाते. म्हणजे तिच्याबद्दलचा शब्द शाळेत कुनोनं दिलेला, घरात बापानं. तिला मध्ये घेऊन कुणी काही विचारलेलंच नाही.

तर ते अर्ध्या तासाचं सख्य. दोघांमध्ये ना सोयरीक, ना बाप, ना दोजोचा वारस. दोन दमलेली, घामेजलेली मुलं आणि एक आपणहून पुढं केलेला हात. ठरवलेल्या लग्नात ही जागाच नसते. माझ्या वेळी बघायला आलेल्या मुलाबरोबर मला वीस मिनिटं मिळाली होती, गच्चीवर, खाली सगळे चहा पीत असताना. वीस मिनिटांत माणूस आपल्या नोकरीबद्दल बोलतो. मैत्री करू या का, हे विचारायला धीर लागतो आणि मुख्य म्हणजे उत्तराची सक्ती नसावी लागते. मी आणि तो मुलगा, आम्ही दोघंही भले होतो. पण खाली चहा संपत आला होता.

पुढं न्हाणीघरात ऊन पाण्यामुळं रान्माचं खरं रूप उघडं पडतं, घरभर आरडाओरडा होतो आणि कासुमी-नाबिकी बिनदिक्कत आकानेला पुढं करतात. तुला मुलं आवडत नाहीत ना, मग हा अर्धा मुलगीच आहे! दोघंही नाही म्हणतात. बाप ऐकत नाहीत. आणि इथून पुढं ताकाहाशी जे करतात त्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. सोयरीक त्या मोडत नाहीत आणि पुरीही करत नाहीत. दोघांना एका घरात, एका वर्गात, एका कुंपणाच्या दोन अंगांना चालत ठेवतात. आकाने रस्त्यानं, रान्मा शेजारच्या कुंपणावरून.

केस कापले जाण्याचा प्रसंग आत्याला फार लागला. आकाने मनातून डॉक्टर तोफूंवर जीव टाकते. डॉक्टरांचा जीव थोरल्या कासुमीवर. म्हणून आकानेनं कासुमीसारखे लांब केस वाढवलेले. रान्मा आणि त्याचा जुना वैरी रिओगा यांच्या मारामारीत काहीतरी धारदार भिरभिरत येतं आणि ते केस सपकन कापले जातात. सगळी शाळा गप्प. ती दवाखान्यात जाते, डॉक्टर म्हणतात, छान दिसतात की, आणि तिचा बांध फुटतो. बाहेर रान्मा थांबलेला. तो अडखळत सांगतो, मला छोटेच केस आवडतात. बापांनी ठरवलेल्या लग्नात त्यानं आपल्या तोंडानं तिला दिलेलं हे पहिलं काही. एवढंसंच वाक्य, पण दुसऱ्या कुणी त्याच्या वतीनं बोललेलं नाही.

आत्या बराच वेळ टॅबकडं बघत नव्हती. खिडकीबाहेर शेवग्याच्या झाडाकडं बघत होती. "औषधाची येळ झाली," म्हणाली.

आमच्या घरात एक वाक्य लहानपणापासून ऐकलेलं, 'आत्याचं आधी एक ठरलं होतं.' त्याच्या पुढं कुणी जात नसे. मीही कधी विचारलं नाही. ते तिच्याकडून निघालं उक्योमुळं.

उक्यो पुढं येते. जुन्या मालिकेतले तिचे भाग मीच शोधून आत्याला दाखवले. उक्योचे वडील गाड्यावर ओकोनोमियाकी विकायचे. ओकोनोमियाकी म्हणजे कोबी घातलेलं जाड धिरडं, तव्यावर समोरच्या समोर भाजून देतात. रान्मा आणि ती लहानपणचे सवंगडी. तिचा बाप रान्माच्या बापाला, गेनमाला म्हणतो, माझ्या पोरीला सून करून घे, हुंड्यात हा गाडा देतो. गेनमा हो म्हणतो. मग सहा वर्षांच्या रान्माला विचारतो, तुला उक्यो जास्त आवडते की ओकोनोमियाकी? पोरगं भुकेचं आणि बालिश, ते म्हणतं, ओकोनोमियाकी. गेनमा गाडा घेतो, मुलाला त्यावर बसवतो आणि पळ काढतो. ती चिमुरडी गाड्यामागं रडत धावते. पुढं मुलीचे कपडे टाकून ती मुलासारखी राहते, दहा वर्षं कसून मेहनत करते आणि पाठीला भलंमोठं उलथणं बांधून हिशेब मागायला येते. रान्माला ती मुलगी होती हेसुद्धा माहीत नसतं.

"हुंडा घेतला आणि पोरगी मागंच ठेवली," आत्या म्हणाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "माझ्या बाबतीत हुंडा नव्हता. नुसता शबुद होता."

१९६८ साल. आत्या नऊ वर्षांची. आजोबांच्या जोडीदारानं, त्याच तालमीतल्या, एकाच वस्तादाच्या हाताखाली वाढलेल्या मित्रानं, खासबागेत मोठी कुस्ती मारली. रात्री घरी जेवण झालं, आणि जेवताना आजोबा म्हणाले, तुझा पोरगा, माझी पोरगी. दुसऱ्या दिवशी मित्राची बायको येऊन आत्याच्या हातात चांदीचे दोन गोठ घालून गेली. हात बारीक, म्हणून आजीनं आतून चिंधी गुंडाळली.

"दहा वर्सं हातात होते," आत्या म्हणाली. "जोतिबाच्या जत्रंला तो दिसायचा. लांबनंच. शिकायला मुंबईला गेला. मी काय कधी बोललो नाही त्याच्याशी. पण असायचं आपलं मनात. हातातच होतं ना सारखं."

१९७८ साली मुंबईहून पत्र आलं. मुलानं तिथं लग्न केलं होतं. मित्र येऊन आजोबांच्या पाया पडला. आजोबांनी त्याला उठवलं, चहा दिला. दोघं रडले म्हणे, आणि त्यांचं मैत्र पुढंही राहिलं. आत्या आत होती. आजोबा दारात येऊन आजीला म्हणाले, "गोठ काढून द्या." गोठ निघेनात. चिंधी केव्हाच निघून गेली होती आणि हात भरला होता. आजीनं न्हाणीत बसवून साबण लावला, पाणी घातलं, पुन्हा साबण लावला. डावा निघाला. उजव्याला कातडी सोलली.

मी विचारलं, "तुला कुणी काही बोललं नाही?"

"काय बोलायचं? घालताना इचारलं नव्हतं, काढताना कशाला इचारतील?"

आणि मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "इचारलं असतं तर मी व्हय म्हणलो असतो गं. घालतानाचं न्हाई सांगत. नंतरचं. मला आवडायला लागलं होतं."

मी इतकी वर्षं ही गोष्ट आकानेच्या बाजूनं बघत आले. जिच्यावर लग्न लादलं आणि जी नाही म्हणते, तिच्या बाजूनं. शिकलेल्या बाईला ती बाजू सहज सापडते. आत्यानं मला दुसऱ्या मुलीपाशी नेऊन उभं केलं. मोठ्यांनी दिलेला शब्द पोरीच्या मनात रुजतो, दहा वर्षांत तिचा स्वतःचा होतो, आणि मोठे तो आपलाच समजून परत घेतात. उक्यो रान्मावर सूड उगवायला येते आणि दोन भागांत तिचा राग विरतो, हे मला पूर्वी पटायचं नाही, घाईचं वाटायचं. आता वाटत नाही. ती हिशेब मागायला आलीच नव्हती. तिला त्यानं एकदा नीट बघावं, एवढंच हवं होतं.

आत्याचं लग्न पुढं १९८४ साली झालं. काका भला माणूस. तो गेल्यावरही आत्यानं कांदा-लसूण चटणीचा धंदा सोडला नाही. उन्हाळ्यात डंकावर मिरची कुटून आणायची, चटणीत हात घालून लाल व्हायची, मुंबई-पुण्याला डबे जायचे. या गुडघ्यापायी यंदा पहिल्यांदा चटणी झाली नाही, त्याची तिला दुखण्यापेक्षा जास्त रुखरुख.

माझ्या शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "हुतंय का मग त्यांचं लगीन?"

मी सांगितलं की अडतिसाव्या खंडाच्या शेवटी मांडव पडतो, पाहुणे जमतात, आकाने नवरीच्या पांढऱ्या पोशाखात उभी असते, आणि बाकीच्या सगळ्या मुली आणि मुलं येऊन त्या मांडवाचा चुराडा करतात. लग्न राहतं. दुसऱ्या दिवशी दोघं नेहमीसारखी शाळेकडं पळत सुटतात. तिथंच संपतं.

ती समाधान पावल्यासारखी दिसली. तिनं वॉकर पुढं ओढला, उठून उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि थांबली.

"आन् ती गाड्यावाली?"

"उक्यो? ती नेरिमातच राहते. स्वतःचं दुकान टाकते, ओकोनोमियाकीचं. उच्चान म्हणून. तिचंच लाडाचं नाव."

"चालतंय का?"

"चालतंय."

"गिऱ्हाईक असतंय?"

"असतं. शाळेतली पोरं येतात, रान्मा येतो, आकानेही येते."

"पैशे देत्यात का ती सगळी?" आत्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघराकडं निघाली.